फिर्यादीच जामीन राहायला आला

सावद्याकडचा तो तपास माझ्या मनातून अजून जात नाही. तो मला पुरता कळला, असेही म्हणवत नाही.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीचा उन्हाळा होता. एका शेतकऱ्याची केळी कोणीतरी गुडघ्याएवढ्या उंचीवर कापून टाकली होती. पंचनाम्यात मी स्वतः खोडे मोजली. २१४ भरली. हा शेतकरी दोन वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाला होता. त्याची विहीर शेजाऱ्याबरोबर सामाईक होती. धर्म बदलल्यावर त्याने मोटेला हात लावू नये, असे शेजाऱ्याचे म्हणणे होते. मामलेदारांनी मात्र त्याची पाण्याची पाळी कायम ठेवली होती.

असल्या नुकसानीचा तपास मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय करता येत नसे. तो मी आणला. खबर गावच्या लोहाराने दिली. शेजाऱ्याने आदल्या दिवशी कोयत्याला धार लावून नेली होती आणि त्याचे स्वतःचे घड उतरायला अजून तीन महिने होते.

वॉरंट काढून शेजाऱ्याला ठाण्यात आणले.

"धार कशाला लावली?"

"कोयता काय बोथट ठेवायचा, साहेब?"

"मग दाखव तो कोयता."

"हरवला."

दोन दिवस याच्यापुढे गाडी सरकली नाही. मॅजिस्ट्रेटने जामीन मंजूर केला होता, पण सख्खे दोन्ही भाऊ जामीन राहायला आले नाहीत. तो कोठडीतच राहिला.

तिसऱ्या दिवशी फिर्यादी ठाण्यात आला.

"साहेब, त्याले आज सोडता का? उद्या त्याची पाण्याची पाळी आहे. केळी निसवू राहिली, घड बाहेर पडू राहिले. आता पाणी चुकलं तर घड पोचट राहतील."

आमचे हवालदार हसले. "कापली तुझी, आणि वाचवतो त्याची? भाऊ, पाद्र्यानं काही पाजलं की काय तुला?"

"पाद्री पाजत नाही, नाना. उपदेश करतो. तो जास्त चढतो."

मी जामिनाचे सांगितले. तो म्हणाला, "मी राहतो." फिर्यादीच आरोपीला जामीन! मला धाकदपटशाचा संशय आला. कोणी धमकावले का, असे खोदून विचारले.

"धमकी असती तर सोपं होतं, साहेब. काल माझाच हात कोयत्यावर गेला होता. प्रभू म्हणतो, वैऱ्याचं भलं कर. मनातून मले ते अजून जमत नाही. पाणी देणं जमतं."

त्याचा जामीन न घेता मी त्याला परत पाठवला. बरोबर केले की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहिरीवर गेलो. तो आपले बैल मोटेला जुंपून आरोपीच्या बागेला पाणी देत होता. बागेच्या अठराही ओळी भिजल्या होत्या. शेजारीच त्याची स्वतःची कापलेली खोडे काळी पडली होती.

ठाण्यात येऊन मी आरोपीला हे सांगितले. तो गजांवर धावून आला. "बाटवली! माझी बाग बाटवली त्यानं!" मग एकदम खाली बसला. त्या दिवशी त्याने भाकरीला हात लावला नाही. सकाळी स्वतःच म्हणाला, "कोयता विहिरीजवळच्या बाभळीखाली पुरलाय."

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण दाखवून दिलेला कोयता चालतो. खटला पक्का झाला. आणि पहिल्याच तारखेला फिर्यादीने तडजोडीचा अर्ज दिला. मी चिडलो. आरोपी सुटला. त्याने हात जोडले नाहीत, आभारही मानले नाहीत. दोघे गावाकडे निघाले ते वीस पावलांचे अंतर ठेवून.

लागणीच्या दिवसांत दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेलो होतो. फिर्यादीच्या बांधावर केळीच्या कंदांचा ढीग होता.

"कोणी आणले?"

"तोच टाकून गेला."

सवयीने मी मोजले. २१४ होते. म्हणजे कापताना नाहीतर नंतर, त्यानेही मोजली होती.

नोकरीत मी कितीतरी जणांना शिक्षा लागलेली पाहिली. शिक्षा भोगून आलेल्यांपैकी कोणी असे कंद आणून टाकलेले पाहिले नाहीत. तरीही पोलिसाने गुन्हेगाराला सोडून द्यावे, असे मी म्हणणार नाही. माझी स्वतःची बाग कापली असती, तर उद्या पाळी कोणाची, हे मला आठवले असते का? खरे सांगायचे तर, नसते आठवले.