फ्यूजच्या जागी तार

कडबाकुट्टीच्या यंत्रात डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि बँजो पार्टीतली माझी गिटार सुटली. दहा वर्षं वराती वाजवल्या, दुसरं काही येत नव्हतं. मग ठरवलं, गिटार वाजवता येत नाही तर तिचा अँप तरी दुरुस्त करायला शिकू. छत्तिसाव्या वर्षी शिकाऊ! इंदापूरहून सकाळची एसटी धरून बारामतीत एका अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात जायला लागलो. दुकानाचे मालक सत्तरीचे. सगळे त्यांना तात्याच म्हणत.

पाच महिने झाले तरी माझ्या हातून एक अँप धड झाला नव्हता. उरल्या बोटांत सोल्डरिंगची कथिलाची तार ठरायची नाही, टाके ओबडधोबड पडायचे. तात्या ते उपसून काढत आणि म्हणत, "पुन्यांदा." पुन्यांदा, पुन्यांदा! कान किटले माझे. शेवटी एकदा त्यांनी स्पष्टच सांगितलं, "दिवाळीपत्तुर बघू. जमंना तर उगा हेलपाटं घालू नगंस." त्या दिवशी एसटीत खिडकीकडं तोंड करून रडलो. लाज कसली त्यात? इथून हाकललं तर जाणार कुठं होतो मी?

त्याच आठवड्यात आमच्या पार्टीचा म्होरक्या जुना गिटारचा अँप घेऊन आला. दहा वर्षं माझ्या शेजारी उभा राहून बँजो वाजवणारा गडी. संध्याकाळी सणसरला वरात होती आणि अँप बंद पडलेला. तात्या मोरगावला गणपतीला गेले होते. म्हटलं, आता दाखवतोच सगळ्यांना.

आतले दोन ट्रान्झिस्टर जळाले होते, ते बदलले. तात्यांचा नियम एकच होता. उघडलेला अँप थेट लायटीला जोडायचा नाही, आधी मध्ये शंभरचा बल्ब लावायचा. बल्ब भगभगीत पेटून राहिला की समजायचं, आत शॉर्ट आहे. पण म्होरक्या डोक्यावर उभा. "आवर की लका, नवरदेव घोड्यावर बसला आसंल!" मी थेट बटण दाबलं. फट्! फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. डब्यात तिसरा नव्हता.

वरातीत फ्यूज उडाला की आम्ही काय करायचो? वायर सोलून तांब्याची तार गुंडाळायची आणि होऊ दे. जनरेटरवर सगळ्याच पार्ट्या हे करतात. मीही तेच केलं. खरं तर नव्या ट्रान्झिस्टरखाली वीज अडवणारी अभ्रकाची चकती घालायला विसरलो होतो, म्हणून फ्यूज बिचारा जीव देत होता. ते ध्यानात यायच्या आत ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघाला. करपट वास दुकानभर झाला. मी झटक्यात प्लग उपसला. पाच महिन्यांत शिकलो काय, तर कप्पाळ!

"जळाला. माझ्यामुळं जळाला," मी म्हटलं. "बल्ब लावला न्हाय, वर तार घातली."

मी शिव्यांची वाट बघत होतो. म्होरक्या हसला. "आरं, तार तर आपुन कायमच घालतो की! सोड. भिगवणच्या पार्टीचा अँप मागून घेतो. च्या पितोस का?"

माया होती ती, मला कळत होतं. पण याच माणसानं परवा दुसऱ्या एका मेकॅनिकला, नुसती खरखर राहिली म्हणून, भर चौकात सोलून काढलं होतं. पाच महिने मी तात्या हाकलतील म्हणून धास्ती घेतली. इथं तर मला कुणी मेकॅनिक धरलंच नव्हतं.

"शिव्या दे की मला!" मी ओरडलो.

त्यानं माझ्या तुटक्या हातावर हात ठेवला. "तुला कशाला रं शिव्या द्यायच्या?" म्हणाला, आणि चहा सांगायला गेला.