पेशींचा खुराक

तीन वेळा पेशी मेल्या होत्या. मेंढीच्या अंडाशयातल्या पेशी कुठल्या हार्मोनने किती वाढतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. शिरूरच्या मटणवाल्याकडून अंडाशयं थर्मासमध्ये घ्यायची आणि पुण्याची एसटी पकडायची. थर्मास बघून शेजारच्या सीटवरच्या बायका चहा मागायच्या. चौथ्यांदा मेल्या तर विषय बदला, असं माझ्या गाइड मॅडमनी बजावलं होतं. मला मात्र हाच विषय हवा होता, कारण मेंढ्या आमच्या घरातल्या.

आता नाहीत. पायपीट झेपेना तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप विकला आणि झेंडू लावला. तरी रस्त्यात कुणाचा कळप दिसला की गाडी थांबवून मेंढ्यांच्या पाठी चाचपल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

रविवारी झेंडू तोडताना मी रडगाणं लावलं. हार्मोन म्हणजे मेंदूचा निरोप, तो आला की अंडाशयातल्या पेशी वाढतात, असं आबांना समजावलं.

"निरोप किती धाडतीस?"

"दर वेळी वाढवला, आबा."

"आन् खायला?"

"पेशींना कसलं खायला?"

"अगं, मेंढा सोडायच्या आधी आम्ही मेंढ्यांस्नी बाभळीच्या शेंगा घालायचो. अंगात असलं तर जुळी व्हत्यात. उपाशी मेंढीला निरोप धाडून काय उपेग? तुझी मॅडम उपाशीपोटी काम करती व्हय?"

मी वाकले होते ती वाकलेलीच राहिले. हार्मोनचा परिणाम चोख दिसावा म्हणून मी पेशी वाढवायच्या डिशमधलं इन्सुलिन काढून टाकलं होतं, आणि पोटात अन्न आहे हे पेशीला कळतं ते इन्सुलिनमुळेच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

चौथ्या खेपेला इन्सुलिन घातलं, हार्मोन निम्मं केलं. पाचव्या दिवशी डिश गच्च भरली. मी लॅबमध्ये इतकी ओरडले की मॅडम धावत आल्या. आबांना मायक्रोस्कोपमधला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"बाय, लई दाटल्यात की! कडंच्या बघ, एकमेकीच्या अंगावर चढत्यात. तिथला चारा संपला. आता तळ हलव."

भरलेली डिश दुसऱ्या डिशांमध्ये वाटून द्यावी लागते, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मला फार अभिमान वाटला त्यांचा.

"किती डिशांत वाटू, आबा?" आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना माझ्या कामातलं विचारत होते.

"तीन कर," आबा म्हणाले. "आन् त्यातली एक माझी."