काल शेवटचं काय केलंत?

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळा बाजार खोडरबरकाका म्हणे. बंद पडलेलं मशीन उघडायचं, रॅमची हिरवी पट्टी उपसायची, तिची सोनेरी कड शाळकरी खोडरबराने घासायची आणि पट्टी खटकन परत बसवायची. दहातली सहा मशीनं एवढ्यानेच शुद्धीवर येत. उरलेल्या चारांसाठी काकांकडे एक प्रश्न होता, "काल शेवटचं काय केलंत?" त्यावर गिऱ्हाइकाचं उत्तर ठरलेलं, "काही नाही." ते ऐकलं की काकांना कोण आनंद व्हायचा! असंच "काही नाही" म्हणणाऱ्या एका वकिलाच्या मशीनमधून त्यांनी चहात भिजलेलं अर्धं बिस्कीट बाहेर काढलं होतं, आणि पुढे वर्षभर ती गोष्ट चवीने सांगितली होती.

त्या दिवशी तीनच्या सुमाराला दुकानात बायकोचा फोन आला.

"अहो, माझं मशीन सुरूच होत नाही. नुसतं पिप पिप करतंय. चारला वर्ग आहे माझा!"

काकू तीस वर्षं लोकांचे कपडे शिवत आल्या होत्या. आज पहिल्यांदाच आठ जणींना स्क्रीनवरून शर्टाची कॉलर शिकवायची होती. एरवी कुणाच्या बापाला न घाबरणारी ही बाई तीन दिवस आरशासमोर उभी राहून सराव करत होती.

"हात लावू नकोस, आलोच," काका म्हणाले आणि वाटेतच खिशातून खोडरबर काढून तयार ठेवलं.

घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं. रॅमची जागा रिकामी होती, आणि काकांना सगळं आठवलं. काल दातांच्या डॉक्टरांचं मशीन बंद पडलं होतं. तिथली पट्टी घासून घासून गुळगुळीत झाली, तरी जिवंत होईना. बाहेर पेशंट गाल धरून बसलेले आणि सुट्या भागांचं दुकान नेमकं बंद. मग काका घरी आले, काकू दोरे आणायला गेलेल्या बघून इथली पट्टी काढली आणि डॉक्टरांकडे नेऊन बसवली. फक्त सकाळपर्यंत, असं ठरवून. आणि साफ विसरले.

"काय झालंय?" काकूंनी विचारलं.

"जरा गंभीर आहे," उघडा डबा अंगाआड लपवत काका म्हणाले. "पट्टी गेलीय. नवीन आणतो."

म्हटलं तर खोटंही नव्हतं. पट्टी गेलीच होती, डॉक्टरांकडे. स्कूटरवर बसेपर्यंत काकांचा जीव भांड्यात पडला. नवी बसवली की विषय संपला, पट्टी थोडीच चुगली करणार होती!

चारला पाच मिनिटं कमी असताना ते घामाघूम होऊन परतले. गडबडीत सवयीने कोरी करकरीत पट्टीसुद्धा घासली आणि मग बसवली. मशीन सुरू झालं. काकू गळ्यात टेप घालून खुर्चीत बसल्या. टेपचं टोक त्या सारखं बोटाला गुंडाळत होत्या.

स्क्रीनवरची नजर न हलवता त्यांनी विचारलं, "काल शेवटचं काय केलंत?"

"काही न..." काका म्हणाले आणि थांबले. आवाज थेट त्या वकिलासारखा निघाला होता. ते बोटाला गुंडाळलेलं टेपचं टोक बघून त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"मीच काढली गं पट्टी. दातांच्या डॉक्टरांकडे बसवली. तुला विचारलं नाही, सांगितलंही नाही. चुकलो."

"माहीत आहे. तुम्ही पट्टी आणायला गेलात तेव्हा त्यांचा फोन आला होता. तुम्ही घरून नेलेल्या पट्टीवर मशीन झकास चाललंय म्हणाले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का, ते बघत होते."

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. "अगं, चार वाजून गेले! आठातली एकही आली नाही!"

"वर्ग पाचला आहे," काकू टेप नीट करत म्हणाल्या. "तीस वर्षं संसार केलाय तुमच्याबरोबर, तुमचं 'आलोच' म्हणजे तासभर, मग खरी वेळ कशी सांगेन? बसा आता समोर. तुमच्यावर एकदा शिकवून बघते."

काका मुकाट्याने स्टुलावर बसले. काकूंनी कागदाची कॉलर कापली, दुमडली, कोपरे काढले आणि प्रत्येक पायरी बोलून दाखवली. हळूहळू त्यांचा आवाज मोकळा झाला. शेवटी त्यांनी विचारलं, "समजलं?"

काकांना ओ की ठो कळलं नव्हतं. मान डोलवायचा त्यांना फार मोह झाला.

"नाही," ते म्हणाले.

काकूंनी नवा कागद घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.