एका थराचा उजेड

दादाने माझं मनगट मोडलं त्या रविवारी दुपारी मी वहिनीला डबीतले सिलिकॉनचे तुकडे दाखवत होते. नवघरच्या फ्लॅटमध्ये आई-बाबा, दादा, वहिनी आणि मी असे राहायचो. माझी पीएचडी चालू होती. एका काळ्या खनिजाचे पापुद्रे चिकटपट्टीने सोलत न्यायचे, शेवटी तीन अणूंच्या जाडीचा एकच थर उरवायचा आणि तो सिलिकॉनवर चिकटवायचा, हे माझं काम. सोमवारी दुसऱ्या संस्थेत मोजमापाला जायचं होतं, म्हणून डबी घरी आणली होती.

वहिनीने विचारलं, एवढं सोलून मिळतं काय? मी सांगितलं, जाड असताना हे जवळजवळ उजेडच देत नाही. एक थर उरला की लेसरखाली चमकतं. आत इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेच्या दोन सारख्याच दऱ्या असतात. उजव्या पिळाच्या, म्हणजे उजवीकडे फिरत पुढे जाणाऱ्या प्रकाशाने एक दरी जागी होते, डाव्या पिळाच्या प्रकाशाने दुसरी. वहिनी रत्नागिरीची, दऱ्या ऐकून हसली.

तेवढ्यात दादा आला. ताट वाढलेलं नव्हतं, एवढंच निमित्त. त्याने वहिनीचे केस धरून तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. मी मध्ये पडले तर माझा हात पाठीमागे पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग डबी फरशीवर ओतून त्याने तुकड्यांचा बुटाने चुरा केला. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आई स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली नाही.

वहिनी उठली. कपाळातलं रक्त डोळ्यात उतरत होतं. आईला बाजूला सारून तिने ओट्यावरचा लोखंडी तवा आणला आणि त्याच्या खांद्यावर हाणला, आणि तो वळला तसा तोंडावर. तो खाली बसला, दात थुंकला. शेजारच्या गुजराती काकींनी दार वाजवून सांगितलं, पुलिस को फोन किया है. घरातली गोष्ट आहे, आई म्हणाली. काकी दारातून हलल्या नाहीत.

वहिनीने तक्रार दिली. कपाळाला टाके पडले, माझ्या हाताला प्लास्टर. आम्ही दोघी सिल्व्हर पार्क भागात भाड्याच्या एका खोलीत राहायला गेलो. माझं काम अडलं होतं. एका संध्याकाळी वहिनी हात धुऊन समोर बसली.

"सांग, कसं सोलायचं ते."

वहिनी चिकटपट्टी हिसका देऊन ओढायची, सगळा चुरा व्हायचा. एकदा तिने पट्टी चुरगळून भिंतीवर फेकली आणि त्या रविवारनंतर पहिल्यांदा रडली. मग पुन्हा बसली. तिने सोललेल्यात एकाच थराचा एक तुकडा प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. मी तो थंड करून त्यावर उजव्या पिळाचा प्रकाश टाकला. तो चमकला, आणि बाहेर आलेला उजेडही मुख्यतः उजव्या पिळाचाच होता. म्हणजे जागी केलेली दरीच उजेड देत होती. मी वहिनीला फोन केला. म्हणजे झालं ना, तिने विचारलं. झालं, म्हटलं.

पुढे एक दिवस जामिनावर सुटलेला दादा आमच्या बिल्डिंगखाली आला. आधी माफी मागितली, मग शिव्या सुरू केल्या. वहिनी गॅलरीत गेली. इतकी वर्षं ती त्याला 'अहो' म्हणायची.

"तू वर येऊ नकोस," ती म्हणाली. "आलास तर आत जाशील."

त्याने उभ्या स्कूटरला लाथ घातली. तो कोपऱ्याआड जाईपर्यंत ती तिथेच उभी होती. आत आली आणि तिने दाराची कडी लावली. जिन्यात जड पावलं वाजली की अजून आम्ही दोघी बोलायच्या थांबतो.