साडूंच्या मालकीचं ऊन

सोलापुरात सूर्य रोज सकाळी उगवतो तो आमच्या साडूंना विचारूनच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे आणि ती खोडून काढायची हिंमत आजवर कुणी केलेली नाही, खुद्द सूर्यानेसुद्धा. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी शुक्रवार पेठ त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं वायरमनकी केली. तोवर त्यांचे आणि सूर्याचे संबंध चारचौघा सोलापूरकरांसारखेच होते, म्हणजे शिवीगाळीचे. फाल्गुन लागला की डोक्यावर ओलं फडकं टाकायचं आणि त्या उन्हाच्या आईबापाचा उद्धार करत कारखान्याची बस गाठायची. निवृत्त झाल्यावर कुणी भजनाला लागतो, कुणी नातवंडांना, कुणी नुसताच रक्तदाबाला. अण्णा उन्हाला लागले. एका दिवाळीत त्यांनी घराच्या गच्चीवर सोलरची दहा पॅनेलं बसवली आणि त्या दिवसापासून ऊन घरचं झालं. आता कुणी घाम पुसत "काय भयंकर ऊन पडलंय हो" म्हणालं, की अण्णांना ती स्वतःची स्तुती वाटते. "पडणारच की! अजून वाढंल बघा," असं ते संकोचून सांगतात. पावसासाठी हपापलेल्या या गावात ढग दिसला की माणसं अंगणात येतात. अण्णा तेवढे घरात जातात आणि खिडकीशी तोंड पाडून बसतात.

पॅनेलांनी आज किती वीज केली हे त्यांच्या मोबाइलवर दिसतं. ते त्यांना दिसतं इथवर ठीक होतं, पण ते सगळ्यांना दिसावं असा त्यांचा आग्रह असतो. न्हाव्यापासून मठातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ते आकडे पाहिले आहेत. माझे चुलते वारले तेव्हा भेटायला आलेले अण्णा माझ्या शेजारी बराच वेळ डोकं खाली घालून बसले होते. मला गहिवरून आलं. मग त्यांनी हळूच मोबाइल माझ्या मांडीवर सरकवला आणि कानात म्हणाले, "दुःखाचा दिवस हाय, पन बघा तरी. दुपारपर्यंत चौदा युनिट!" चुलत्यांना हे कळलं असतं तर त्यांनी जाण्याचा दिवस थोडा ढगाळ बघून ठरवला असता.

गल्लीला त्यांनी भरवशाने सांगितलं होतं की आता गावात लाइट जाईल, पण या घरात जाणार नाही. याच भरवशावर त्यांनी जुना इन्व्हर्टर बॅटरीसकट भंगारवाल्याला देऊन टाकला. पुढे ऐन वैशाखात, भर दुपारी, मी त्यांच्याकडे आमरसाच्या ताटावर बसलेलो असताना लाइट गेली. गल्लीत घरोघरी इन्व्हर्टरवर पंखे फिरत राहिले. डोक्यावर दहा पॅनेलं आणि आग ओकणारा सूर्य असलेल्या आमच्या अण्णांचा पंखा तेवढा थांबला. अण्णा अजिबात विचलित झाले नाहीत. बाहेरची लाइन बंद पडली की आपलं यंत्रही आपोआप बंद होतं, नाहीतर आपली वीज तारेत जाऊन खांबावरच्या लाइनमनला झटका बसेल, हे त्यांनी मला आमरस थांबवून समजावलं. "लाइनमनच्या जिवासाठी हाय ते. लई हुशार सिस्टीम हाय." माझी मेव्हणी, जिला घरात सगळे अक्का म्हणतात, ती पदराने वारा घेत होती. ती म्हणाली, "मग त्या लाइनमनलाच घाला की जेवायला."

गाडीचं तेच. पंधरा वर्षं इमानेइतबारे चाललेली पेट्रोलची गाडी विकून त्यांनी विजेवर चालणारी घेतली. आता पेट्रोलपंपावरून जाताना ते वेग कमी करतात आणि रांगेतल्या लोकांकडे करुणेने बघतात. कुणाच्याही घरी गेले की आधी प्लग विचारतात, पाणी नंतर. मात्र या गाडीत बसायचं तर अंगात तपश्चर्या हवी. एसी लावला की बॅटरी लवकर उतरते, म्हणून एसी बंद. काच उघडली की वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो, म्हणून काचाही बंद. सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला आम्ही चौघं या गाडीतून केमला, दोघींच्या माहेरगावी, गेलो आणि वाफवून निघालो. परतीसाठी अण्णांनी तिथल्या पिठाच्या गिरणीत गाडी लावली. गाडीचं पोट भरेपर्यंत गावातल्या बायका दळणाचे डबे घेऊन ताटकळत उभ्या होत्या आणि अण्णा त्यांना पर्यावरण समजावत होते. त्याच दिवशी केमच्या घराला कुलूप लागलं. सासूबाईंच्या मागे तिथे राहणारं कुणी उरलं नव्हतं. येताना दोघी बहिणी मागच्या सीटवर एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. त्या दिवशी अण्णांनी न सांगता एसी लावला होता, हे मात्र मी कबूल केलं पाहिजे.

तेव्हापासून माझ्या बायकोला माहेर म्हणून जे काही उरलं, ते अक्काच्या गच्चीवर. चैत्रात ती आठ दिवस तिथे जाते. अक्काची गच्ची गल्लीत सगळ्यात मोठी, आजूबाजूला उंच इमारत नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. त्यामुळे अर्ध्या गल्लीचं वाळवण वर्षानुवर्षं तिथेच पडायचं. आज एकीच्या कुरडया, उद्या दुसरीचे सांडगे, परवा शेजारच्या चाचींच्या शेवया. जिचा दिवस असेल तिच्या कामाला बाकीच्या सगळ्या. पहाटे गव्हाचा चीक शिजायला लागला की दोघी बहिणींची जी बडबड सुरू होते, ती ऊन उतरेपर्यंत. चीक आईसारखा झाला की नाही, यावर त्या दरवर्षी भांडतात आणि आई दरवर्षी जिंकते.

दिवाळीत पॅनेलं बसवताना हे अण्णांच्या लक्षात आलं नाही. गच्ची म्हणजे त्यांच्या लेखी घरावरची रिकामी जागा. अक्काही गप्प राहिली, कारण तिने आपल्यापुरता तोडगा काढून ठेवला होता. चैत्रात तिने तीन दिवस गहू भिजवले, चीक काढला, शिजवला. वर जाऊन दहाही पॅनेलं ओल्या फडक्याने लख्ख पुसली, त्यांच्यावर धुतलेली जुनी लुगडी अंथरली आणि माझ्या बायकोच्या मदतीने त्यावर कुरडया घातल्या. एवढी सपाट, स्वच्छ, तापलेली जागा तिला जन्मात मिळाली नव्हती. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या सोयीचं काहीतरी घरात आणलं, असं ती बहिणीला म्हणालीसुद्धा.

खाली अण्णा मोबाइल बघत होते. वीज घसरायला लागली. त्यांनी अंगणात येऊन आभाळ पाहिलं. ढगाचा ठिपका नाही. मोबाइल बंद करून चालू केला. मग पॅनेलं बसवणाऱ्याला फोन लावून, "अवो, उन्हात काय फरक पडलाय का आज?" असं विचारलं. तो बिचारा म्हणाला, की ऊन आमच्याकडून येत नाही. शेवटी अण्णा वर आले आणि त्यांनी ते दृश्य पाहिलं. त्यानंतर ते जे ओरडले ते पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. त्यांनी आपल्या हाताने लुगडी ओढून काढली. ओल्या कुरडया काचेला, फरशीला, अण्णांच्या बनियनला चिकटल्या.  उरलेला चीक अक्काने खाली नेऊन गायीला घातला, हात धुतले आणि म्हणाली, "तुमचं ऊन तुमालाच लखलाभ. ह्या घरात आता वाळवण न्हाय." माझी बायको दुसऱ्याच दिवशी घरी परत आली. आठ दिवसांची बॅग तशीच भरलेली होती. मी काही तरी विनोद करायला गेलो, तर ती रडली. तेव्हा मला समजलं की कुरडया हे निमित्त होतं. केमला एक कुलूप लागलं होतं, आता हे दुसरं लागत होतं.

त्या वर्षी अक्काने दुकानातून पापडाची पाकिटं आणली आणि ते पापड रोज अण्णांच्या ताटात वाढले. छळ करायचे फार शांत प्रकार असतात. वर्षभर पाकिटातले पापड खाऊन अण्णा खंगले नाहीत, पण विचार करायला लागले. पुढच्या फाल्गुनात त्यांनी वेल्डर बोलावला, लोखंडी खांब उभे केले आणि दहाही पॅनेलं सात फूट उंच नेऊन मांडली. खाली सगळी गच्ची मोकळी. चैत्र लागताच स्वतः घरोघर जाऊन त्यांनी बायकांना निमंत्रण दिलं, आम्हा दोघांना गाडी पाठवून आणवलं, नारळ फोडला. अक्काही मऊ झाली होती. तिने गहू भिजवले होते. कुरडया घालून झाल्या तसे अण्णा खांबाला टेकून म्हणाले, "बघा! ऊन वर, वाळवण खाली. डोक्याला ऊन लागायचं काम न्हाय. गार सावलीत बसून करा की आता."

 मग चाचींनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "अण्णा, धूप तो सब ऊपरच अटक गई ना. नीचे कुरडया कैसी सूकेगी?"

उन्हाचा एवढा अभ्यास केलेल्या माणसाला वाळवणाला ऊन लागतं हे सुचलं नव्हतं! पण हार मानतील तर ते अण्णा कसले. दोन पॅनेलांच्या फटीतून उन्हाचे पट्टे खाली पडत होते. अण्णांनी खडूने त्यांच्या रेघा आखल्या आणि दर अर्ध्या तासाला लुगडं कुठं सरकवायचं ते बायकांना शिकवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत सगळी गच्ची खडूने भरली आणि कुरडया ओल्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना आंबूस वास यायला लागला. अक्का उठली, तिने लुगडं गोळा केलं आणि नवऱ्याला कानडीत फक्त एवढंच म्हणाली, "साकु." म्हणजे पुरे. ती रागावलीसुद्धा नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. माझी बायको आत जाऊन बॅग भरायला लागली.

मी चपला घालत होतो तेवढ्यात अण्णा बोल्ट खोलायचे दोन पाने आणि चढायला दोन घोड्या घेऊन जिन्याशी उभे दिसले. "साडू, जरा वर या. एकट्याला उचलायचं न्हाय." आम्ही वर गेलो. त्यांनी एका बाजूच्या पहिल्या पॅनेलचा बोल्ट पिळला तेव्हा मला कळलं. मी म्हटलं, "अण्णा, वर्षातलं सगळ्यात कडक ऊन आत्ताच. उतरवायचीच असली तर श्रावणात उतरवू. आत्ता कशाला?"

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "कडक ऊन आत्ताच हाय. म्हनून तर तिलाबी आत्ताच लागतंय की."

पाच पॅनेलं आम्ही उतरवली. अर्ध्या गच्चीवर ऊन धाडकन पसरलं. खाली बायकोने बॅग पुन्हा सोडली, अक्काने पुन्हा गहू भिजत घातले. दोघींपैकी कुणीही अण्णांचे आभार वगैरे मानले नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही. फक्त त्या रात्री ताटात पाकिटातला पापड नव्हता.

वाळवण संपलं की पॅनेलं पुन्हा वर चढतात, आणि ती उतरवायला आता दर चैत्रात मला फोन येतो. सगळं सोलापूर होरपळत असतं तेव्हा अण्णांची वीज निम्म्यावर येते. पॅनेलवाला गोंधळून विचारतो, तर हे त्याला सांगतात, "उन्हाळ्यात जरा कमीच हुतंय आमच्याकडं." मोबाइल खिशात ठेवून ते छत्रीखाली बसतात आणि काठीने कावळे हाकतात. चुकून वाळवणाला पाय लागला तर दोघी बहिणी त्यांना ओरडतात, आणि ते ऐकून घेतात.

यंदा पाचवं पॅनेल उतरवताना मात्र ते अण्णांच्या बाजूने खाली झुकलं. आम्ही ते कसंबसं भिंतीला टेकवलं आणि दोघंही धापा टाकत खाली बसलो. पलीकडे अक्का कुरडया घालत होती. तिचीही बोटं आता दुखतात, म्हणून सोऱ्या माझी बायको दाबत होती आणि मीठ कमी पडलं की जास्त, यावरून दोघींचं जुंपलं होतं. अण्णा तिकडे बघत पाना पुसत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी जमंल का हो आपल्याला उचलायला?"

 मी म्हटलं, "न जमायला काय झालं? जड बाजू मी धरेन."

"व्हय," अण्णा म्हणाले आणि कावळे हाकायला उठले.