फुली झाकणारा पडदा

सोमवारी पाडल्या जाणाऱ्या घरासाठी तुम्ही पडद्याचं कापड निवडाल का?

आमच्या शेजारच्या सखूमावशी काल निवडत होत्या, मी सोबत होतो. पालिकेच्या माणसांनी त्यांच्या दारावर लाल फुली मारली आहे. दुकानदारानं झिरझिरीत कापड पुढं केलं.

"हे नको भाऊ, यातनं फुली दिसंल. जाड दाखव. आणि खाली झालर पाहिजे, चांगली चार बोटं."

"मावशी, चार दिवसांसाठी झालर?" मी चिडलो.

"मग काय, घराला उघडंनागडं पाडू देऊ?"

सरकारी कागदावर आमची घरं नुसती 'बांधकामं' असतात. त्यांनाही अब्रू असते, हे तिथं कुठंच लिहिलेलं नसतं. अर्ज, सह्या, मोर्चे, सगळं झालं. घर वाचेल असं आता मलाही वाटत नाही. तरी सोमवारी सकाळी आमच्या गल्लीत या. मावशींना ते एकटीनं बघायला लावू नका.