कोरडी कुंडी

सिंगापूरला आमच्या मजल्यावर मुलाकडे राहणारे एक काका होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कॉरिडॉरमधल्या कुंडीतल्या कोरड्या मातीवरून ते रोज हात फिरवायचे, पाणी मात्र घालत नसत.

"गावच्या पठारावरचा तेरडा आहे," ते म्हणाले. "बायको गेली त्या वर्षी तिनंच वेचलेलं बी. उन्हाळा सोसल्याशिवाय रुजत नाही, आणि इथे तर बारमाही पाऊस. म्हणून आडोशाला ठेवलंय."

मग ते हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा शेजारच्या चिनी आंटीनं मायेनं रोज कुंडीत पाणी ओतलं. परतल्यावर काकांनी माती उकरली. बी कुजलं होतं.

"तिला सांगू नका," एवढंच ते मला म्हणाले.

दुसऱ्या सकाळी आंटी पाणी घेऊन आली. काकांनी कुंडी तिच्याकडे सरकवली.